टोपवालीची आंघोळ

नाटकघराच्या मागच्या अंगाला, जिथे पडद्यांच्या दोऱ्या आणि जुन्या देखाव्यांच्या फळ्या एकमेकींना टेकून उभ्या असतात, तिथून एक अरुंद जिना वर जातो. जिना संपतो तिथेच टोपांची खोली आहे. नवा माणूस तिच्यात शिरला की आधी दचकतो, कारण भिंतीलगतच्या फळ्यांवर ओळीने मुंडकी मांडलेली असतात. ती लाकडी आहेत हे कळायला क्षणभर वेळ जातो. प्रत्येक मुंडक्यावर एकेक केसांचा टोप. कुणी राजा, कुणी चोर, कुणी दोन अंकांपुरती तरुणी. या सगळ्या प्रजेची मालकीण म्हणजे टोपवाली. चाळिशीला टेकलेली, उंच, कंबरेपर्यंत वेणी आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी त्याच्या कपाळाकडे बघण्याची सवय. लोकांना वाटे, बाई लाजाळू आहे. बाई कपाळावरची केसांची कड बघत असे.

टोप करायचा म्हणजे डोक्याच्या मापाची बारीक जाळी लाकडी डोक्यावर ताणायची आणि आकडीच्या सुईने एकेक केस जाळीच्या भोकात ओवून त्याला गाठ मारायची. कपाळाच्या कडेला तर एका भोकात एकच केस, नाहीतर टोप लांबूनच ‘मी टोप आहे’ म्हणून ओरडतो. असलं काम करायला फार चिकाटी लागते असं बघणारे म्हणतात. टोपवालीचं मत नेमकं उलटं होतं. चिकाटी लागते ती हे काम सोडून उठायला. जेवायला उठायचं, घरी जायचं, आणि घरी गेल्यावर आंघोळ करायची.

ती करत नसे. अगदीच करत नसे म्हणणं अन्यायाचं होईल. करायची, पण तिची आंघोळ धूमकेतूसारखी होती. येणार हे नक्की, कधी ते जाणकारांनी आकडेमोड करून सांगावं.

आता एवढ्या मोठ्या नाटकघरात ही गोष्ट कुणाच्या नाकाआड राहणं शक्य नव्हतं. पण तोंडाने सांगायचं कुणी? आणि तशी गरजही कुणाला वाटली नाही, कारण इथल्या माणसांचा धंदाच मुळी न बोलता कळवण्याचा. एक भुवई उचलून तिसऱ्या रांगेतल्या माणसाला रडवणारी ही मंडळी. त्यांनी आपली सगळी विद्या पणाला लावली. टोपांच्या खोलीत येणारा प्रत्येक जण आधी खिडकी उघडत असे. कुणी उसासा टाकी, कुणी पदर नाकाशी नेई, कुणी दारातच थबकून आत बघे आणि मान हलवून परत जाई, तीही अशी की बघणाऱ्याला गलबलून यावं.

टोपवाली हे सगळं बारकाईने बघे. तिला कौतुक वाटे. हाताशी काम असूनही माणसं येता-जाता तालीम करतात, हे तिला आवडे.

कहर केला तो खलनायकाने. खलनायक म्हणजे नाटकातला. एरवी माणूस देवभोळा, भित्रा आणि पोटाच्या विकाराने बेजार. एकदा मापाला आला तेव्हा त्याने खिडकीशी जाऊन नाकाला रुमाल लावला, भिंतीचा आधार घेतला, डोळे फिरवले आणि हळूहळू खाली घसरला. टोपवालीने सुई बाजूला ठेवली.

“छान जमतंय,” ती म्हणाली. “पण हात जरा खाली घ्या. शेवटच्या रांगेतून नाक झाकलंय की दाढ दुखतेय ते कळणार नाही.”

खलनायकाने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, हात खाली घेतला.

अभिनय वाया गेला तेव्हा मंडळी वस्तूंकडे वळली. टोपवालीच्या वाढदिवसाला तिला साबण मिळाले. गुलाबाचे, चंदनाचे, लिंबाचे, एक तर शंखाच्या आकाराचा. पुढच्या वर्षीही साबणच. यावरून तिने सरळ निष्कर्ष काढला की या नाटकघरात वाढदिवसाला साबण द्यायची पद्धत आहे. पद्धत म्हटली की ती पाळायला टोपवालीइतकं चोख कुणी नव्हतं. तिने प्रत्येकाचा वाढदिवस लक्षात ठेवला आणि प्रत्येकाला साबण दिला. खलनायकाला बदामाचा मिळाला. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि त्या दोन दिवसांत चोरून आपली काख हुंगताना तो तिघांना दिसला.

असं हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि आणखी चाललं असतं. पण नवं नाटक आलं.

नाटक एका बाईच्या आयुष्याचं होतं. पहिल्या अंकात ती विशीतली, शेवटच्या अंकात सत्तरीची. प्रमुख भूमिका जिची, तिला नाटकघरात सगळे बाईसाहेब म्हणत, आणि ती ते म्हणू देत असे. तिच्यासाठी टोपवालीने तीन टोप करायला घेतले होते. काळा, पिकत चाललेला आणि पांढरा. पांढऱ्याचा तिला ध्यास लागला होता. शेवटच्या प्रवेशात बाईसाहेब रंगमंचाच्या अगदी कडेला येऊन बसणार, पहिल्या रांगेतल्या माणसाने हात लांब केला तर कपाळाला लागेल इतकी जवळ. तिथे कपाळाची कड खोटी दिसली की अख्खं म्हातारपण खोटं.

आणि कड लाकडावर होत नाही. लाकडी डोक्यावर टोप अर्धाच होतो. उरलेला अर्धा माणसाच्या डोक्यावर. टोप बसवायचा, कपाळाला कपाळ लागेल इतकं वाकून बघायचं, इथला केस काढायचा, तिथे एक घालायचा. टोपवालीच्या लेखी सगळा धंदा या तासाभरासाठी होता.

त्या तासाभराचाच प्रश्न घेऊन कपडेपटाचे प्रमुख जिना चढून वर आले. त्यांना सगळे मामा म्हणत. गुडघे दुखायचे, त्यामुळे मामा वर आले म्हणजे प्रकरण गंभीर.

“बस,” मामा म्हणाले.

“बसलेलीच आहे.”

“हो. बरं. काम कसं चाललंय?”

“कड सोडून पांढरा झाला. बाईसाहेबांना पाठवा.”

मामांनी खिडकी उघडली. मग कुठल्याशा राजाच्या टोपावरून हात फिरवला. मग घसा साफ केला.

“मी काय म्हणतो, या वेळी बसवायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं तर? रंगभूषेतल्या बाई आहेत की. तुझ्यावर किती भार टाकायचा?”

“भार नाही. आणि त्या कड चिकटवतात, मी गुंफते. का द्यायचं?”

“तसं कारण असं काही...”

“कारण नाही?”

“आहे. म्हणजे बाईसाहेब जरा नाजूक. त्यांना मोकळी हवा लागते.”

“खिडकी आहे. तुम्ही आत्ताच उघडलीत.”

मामांनी आयुष्यात राजांना राजवस्त्रं नेसवली होती, पडद्यामागे भांडणं सोडवली होती, एकदा तर प्रयोग चालू असताना नायकाची विजार शिवली होती. पण इतका घाम त्यांना कधी फुटला नव्हता.

“मामा,” टोपवाली म्हणाली, “आडून बोललेलं मला कळत नाही. तुम्हाला माहीत आहे. खरं कारण सांगा, मग मी त्याचं काय करायचं ते बघते.”

“वास येतो गं,” मामा एका दमात म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

“कशाचा?”

“तुझा.”

टोपवालीने विचार केला. “कुणाला येतो?”

“सगळ्यांना.”

“कधीपासून?”

“आता काय सांगू? तू आलीस तेव्हापासून.”

“आणि कुणी सांगितलं नाही?”

मामांनी डोळे उघडले. “सांगितलं नाही? अगं, सांगून सांगून दमले सगळे! खिडक्या काय हौस म्हणून उघडतात?”

“मला वाटलं, इथे गरम होतं.”

“आणि उसासे?”

“तालीम.”

“तो रुमाल लावून भिंतीवरून घसरला तो?”

“ते प्लेगच्या नाटकातलं ना?”

“प्लेगचं नाटक आपण कधी केलंच नाही, बाई!”

टोपवालीने मान खाली घातली. मामांना वाटलं, आता ही रडणार. त्यांनी खिशातला रुमाल चाचपला, आणि रुमालाचा भलताच अर्थ होईल म्हणून परत आत सारला. पण ती रडत नव्हती. ती इतक्या वर्षांचे उसासे एकेक करून पुन्हा ऐकत होती आणि प्रत्येकाला नवी जागा देत होती.

“म्हणजे साबण ही इथली पद्धत नव्हती,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हती.”

“मग माझ्याकडून साबण मिळाल्यावर तुम्ही सगळ्यांनी आभार का मानलेत?”

मामांनी राजाचा टोप उगाचच सरळ केला. सभ्यपणाला कारण कधीच नसतं.

ठरलं ते असं. सोमवारी टोप बसवायचा. टोपवालीने तोवर जे काय करायचं ते करावं. बाईसाहेब तयार असतील तर ती बसवेल, नसतील तर रंगभूषेतल्या बाई. मामा जिना उतरताना म्हणाले, “मनाला लावून घेऊ नको. नुसती दोन तांबे पाण्याची तर गोष्ट.”

आणि नेमकं तिथेच सगळं अडत होतं. आंघोळ हा एक शब्द आहे, म्हणून लोकांना ती एक गोष्ट वाटते.

टोपवालीच्या घरी न्हाणीघर होतं, चांगलं होतं, निळ्या फरशांचं. त्यात पाणी सोडलं की आवाज चारही भिंतींवर आपटून परत यायचा, जणू एकाच वेळी चार माणसं भांडी पाडताहेत. त्या आवाजात उभं राहून कपडे काढायचे. म्हणजे ऊब गेली. मग पाणी अंगावर घ्यायचं. इतरांना ते पाणी लागतं. तिला मूठभर टाचण्या फेकल्यासारखं लागायचं, आणि पुढची टाचणी कुठे टोचणार ते आधी कळायचं नाही. मग साबण, म्हणजे गुलाब, आणि गुलाब तिच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत ठणकायचा. मग केस. ओली वेणी मानेला चिकटली की तिला दुसरं काही सुचायचं नाही, मेलेला मासा बांधून फिरल्यासारखं वाटायचं. मग पुसणं, म्हणजे खरवडणं. आणि हे सगळं सुरू कुठून करायचं? कोरडी असली की ओलं व्हायला नको वाटे, ओली झाली की कोरडं व्हायला. स्वतःचा वास म्हणाल तर तो तिला येत नसे. रोज सोबत असणाऱ्याचा कुणालाच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी तिला बऱ्याच तपासण्यांनंतर सांगितलं होतं की तुम्हाला ऑटिझम आहे. मोठ्या माणसांनाही असतो, फक्त आधी कुणी बघितलेला नसतो. टोपवालीला ते ऐकून बरं वाटलं होतं. एखादं यंत्र अर्धं आयुष्य वापरल्यावर त्याचं माहितीपत्रक हातात पडावं, तसं. पत्रकात आंघोळीचं पान मात्र तिने उघडलं नव्हतं, कारण तशी गरज आहे हेच तिला कुणी बोललं नव्हतं.

बोललं नव्हतं म्हणजे, एक जण सोडून. धाकटी बहीण बोलायची, भरपूर बोलायची. पण ती जेवणावरही बोलायची, पडद्यांवरही आणि जिन्यातल्या चपलांवरही, त्यामुळे त्यात महत्त्वाचं कोणतं ते टोपवालीला वेगळं काढता येत नसे. मामा येऊन गेले त्याच संध्याकाळी टोपवालीने बहिणीला बोलावून विचारलं, “मला वास येतो हे तुला माहीत होतं?”

“ताई!” बहीण म्हणाली. “लहानपणापासून सांगतेय मी!”

“तू सगळंच सांगतेस. यावर खूण करायला हवी होती.”

बहिणीचा स्वभाव असा की अडचण कळली की दुकान गाठायचं. दुसऱ्याच दिवशी ती एक नवा फवारा आणि नळवाला घेऊन हजर. त्या फवाऱ्यातून सात तऱ्हांनी पाणी पडे. धबधबा, मालिश, धुकं, आणखी कायकाय.

“धुकं लाव,” बहीण म्हणाली. “अगदी हलकं असतं. कळतसुद्धा नाही.”

टोपवालीने बाही वर करून हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

“काय झालं?”

“डास.”

“कुठायत डास?”

“धुकं म्हणजे डास. टाचण्या परवडल्या, त्या निदान मोजता येतात.”

“अगं, लहान पोरंसुद्धा करतात आंघोळ!”

“लहान पोरांना आई घालते. ती नुसती रडतात. तेवढं काम मलाही जमेल.”

बहीण कपाळाला हात लावून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. नळवाल्याने विचारलं, फवारा ठेवू की काढू. दोघी एकदम म्हणाल्या. एक ‘ठेवा’, एक ‘काढा’. नळवाला संसारी माणूस होता. तो चहा प्यायला निघून गेला.

“त्या कामाचं एवढं काय घेऊन बसलीस?” बहीण शेवटी म्हणाली. “बसवू दे की दुसऱ्या कुणाला.”

“मग तो माझा टोप नाही. मग ती केसांची टोपी.”

“आणि नाही जमलं तर?”

“जमेल. कसं ते माहीत नाही. पण मी एका भोकात एक केस घालणारी बाई आहे. मला न जमणारी गोष्ट बहुतेक वेळा फक्त चुकीच्या बाजूने धरलेली असते.”

हे ती इतक्या सहज म्हणाली की बहिणीला पुढे बोलता येईना. हा प्रसंग तिच्या आयुष्यात क्वचित यायचा.

बाजू सापडली ती शुक्रवारी, आणि सापडली बहिणीलाच, तिच्या नकळत. टोपवाली घराच्या किल्ल्या विसरून गेली होती. बहीण त्या द्यायला टोपांच्या खोलीत आली तर टोपवाली काळा टोप धुवत होती. बहिणीने हे कधी बघितलं नव्हतं. ती दाराशीच उभी राहिली.

टोपवालीने टोप लाकडी डोक्यावर चढवला होता. परातीत कोमट पाणी होतं. ती एक बट हातात घ्यायची, बाकीचे केस कोरड्या फडक्यात गुंडाळलेले. पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा बटेवरून वरून खाली, एकाच दिशेने. चोळणं नाही. घासणं नाही. बट झाली की मऊ जुन्या कापडात धरून नुसती दाबायची. दाबली, सोडली, दाबली. ते कापड ती टोप वाळवायच्या गरम पेटीवर ठेवून आधी उबवायची. मग ती बट बाजूला आणि पुढची हातात. खोलीत आवाज म्हणून नव्हता.

“एवढा वेळ?” बहीण म्हणाली. “फवाऱ्याखाली धरायचा, मोकळं व्हायचं.”

टोपवालीने असं बघितलं की जणू कुणी तिच्या पोराला विहिरीत सोडायला सांगितलंय. “फवाऱ्याखाली? वरून पाणी? वेड लागलंय का तुला? गाठी सैल होतील, केस पिसाटतील. चांगल्या वस्तूवर वरून पाणी कधी...”

ती थांबली. बहीणही थांबली. दोघींनी परातीकडे बघितलं, मग एकमेकींकडे.

“लाकडाच्या डोक्यावरच्या केसांना तू उबदार कापडात धरतेस,” बहीण हळूच म्हणाली.

“कारण ते किमती आहेत,” टोपवाली म्हणाली, आणि तिने पेटीवरचं कापड आपल्याच मनगटावर धरून बघितलं.

शनिवारी न्हाणीघरातली व्यवस्था पालटली. जमिनीवर जाड सतरंजी, म्हणजे पायाला थंडी नाही आणि आवाजाला घुमायला जागा नाही. बसायला स्टूल. परातीत कोमट पाणी, आधीच भरून, म्हणजे नळ बंद. आंघोळ उभ्याने करावी असा कायदा नाही हे टोपवालीच्या ध्यानात आलं; सगळी एकदम करावी असाही नाही. बेत असा, की एक हात उघडा, बाकी सगळं झाकलेलं. हात झाला की दाबून कोरडा करायचा, बाहीत घालायचा. मग दुसरा. मग एकेक पाय. मग मान, काखा, पोट, पाठ, ज्याची त्याची पाळी येईल तसं. अंगाला पाणी नको होतं असं नाही. अंगाला बेसावध पाणी नको होतं.

साबणाचा प्रश्न बहिणीने अंगावर घेतला. दुकानदाराला म्हणाली, वास नसलेला साबण द्या.

“कोणता वास नको?”

“कुठलाच.”

“मग साबण कशाला घेता?” दुकानदाराने प्रामाणिकपणे विचारलं. शेवटी औषधांच्या दुकानात मिळाला. नाजूक कातडीच्या माणसांसाठी, पांढरा, मुका.

वेणी टोपवालीने स्वतःच कापली. आरशासमोर बसून, मुळाशी दोरा बांधून, चार कात्र्यांमधली योग्य ती निवडून. डोक्यावर बोटभर केस ठेवले. ओल्या कापडाने पुसले की झालं. बहीण वेणी हातात घेऊन रडायला लागली. आईला किती आवडायची म्हणाली.

“नीट धर,” टोपवाली म्हणाली. “चांगला माल आहे.” आणि वेणी धुऊन, वाळवून, कामाच्या केसांच्या पेटीत गेली, पिकत चाललेल्यांच्या कप्प्यात.

आता उरली ती सुरुवात. सगळं मांडून ठेवलं, पाणी कोमट, कापड उबदार, आणि टोपवाली स्टुलावर बसून राहिली. कोरड्यातून ओल्यात जायची ती एक उडी काही केल्या होईना. पाणी निवलं. पुन्हा गरम केलं. पुन्हा निवलं. बहिणीने बाहेरून विचारलं, “झालं का?” आतून उत्तर आलं, “विचारलंस की मागे जातं.” शनिवार असाच गेला. रविवारी दुपारपर्यंतही तेच. बहिणीने तोंड उघडलं आणि, तिला फार कष्ट पडले, पण मिटलं.

मग टोपवाली उठली, चपला घातल्या आणि नाटकघरात जाऊन मामांसमोर उभी राहिली. दुपारचा प्रयोग चालू होता. मामा पडद्याआड बटणं लावत होते.

“मामा, मला एक टोप घरी न्यायचाय.”

“टोप बाहेर न्यायचा नाही हा नियम तूच केलास.”

“हो. मोडतेय. टोप धुवायला लागले की हात आपोआप ओले होतात. मला कळतसुद्धा नाही कधी झाले. एकदा हात ओले झाले की पुढे जाता येईल.”

मामांना यातलं निम्मं कळलं. “हा तुझा तो, काय म्हणतात, ऑटिझम. त्याचंच का गं हे? आजार आहे ना तो?”

“आजार नाही. घडण आहे. तुमचे गुडघे आजारी आहेत. मी धडधाकट आहे.”

“ने बाई,” मामा म्हणाले. “पाहिजे तर सगळे ने. राजासकट.”

तिने चोराचा नेला, कारण तो खरोखर मळला होता. खोट्या कामाला तिचे हात फसले नसते. न्हाणीघरात स्टुलासमोर लाकडी डोकं ठेवून तिने चोराच्या बटा एकेक करून धुतल्या. शेवटची बट दाबून झाली तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते आणि बोळा हातात होता. तिने तो टाकला, हात वाळायच्या आत दुसरा, नवा घेतला आणि आपल्या दंडावरून फिरवला. वरून खाली, एकाच दिशेने. बहीण बाहेर पायरीवर बसून नखं खात होती. आतून काहीच आवाज येत नव्हता, म्हणजे काम चाललं होतं.

सगळं जमलं असं मात्र नाही. चेहऱ्यावर पाणी अजून चालत नव्हतं, चेहरा कोरड्या मऊ कापडाने आणि नंतर किंचित ओल्याने, टप्प्याटप्प्याने. दातांचं भांडण तर निराळंच, पुदिन्याची आग. तिथे नुसत्या ब्रशवर तह झाला. आणि धुवायला टोप असेल त्या दिवशीच आंघोळ, एरवी फक्त काखा आणि हात. पण हे तिने कमीपणा म्हणून मनात ठेवलं नाही. वेळापत्रक म्हणून ठेवलं.

सोमवारी बाईसाहेब आल्या. त्या जिन्यात होत्या तेव्हाच आल्याचं कळलं, कारण त्यांच्या आधी त्यांचं अत्तर आलं. मागून मामा, एका हाताने कठडा धरून. त्यांच्या मागे दाराशी खलनायक, ज्याचं तिथे काही काम नव्हतं. आत शिरताच बाईसाहेबांनी सवयीने खिडकीकडे हात नेला. मग टोपवालीचं कापलेलं डोकं बघून तो हात तसाच हवेत राहिला.

“बसा,” टोपवाली म्हणाली. “सुरू करायच्या आधी दोन गोष्टी. मामांनी मला कारण सांगितलं. मी आंघोळ केली आहे. माझ्या पद्धतीने केली आहे, पण पूर्ण केली आहे. आता जवळ येते. वास आला तर तोंडाने सांगायचं. उसासा नको, पदर नको. अभिनय मला कळत नाही, तुमचा तर फारच चांगला असतो म्हणून अजिबात कळत नाही.”

बाईसाहेब मोठ्या नटी होत्या, पण असला प्रवेश त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते. टोपवाली पुढे झाली आणि कपाळाला कपाळ लागेल इतकी वाकली. बाईसाहेबांनी मान किंचित तिरकी केली, पापण्या अर्ध्या मिटल्या...

“तोंडाने,” टोपवाली म्हणाली.

“नाही येत,” बाईसाहेब म्हणाल्या. आणि पुन्हा एकदा हुंगून, आता खऱ्याच कुतूहलाने, “थोडा डिंकाचा येतो.”

“तो तुमच्या कपाळाचा. काल रात्रीचा प्रयोग नीट पुसला नाहीत.”

दाराशी खलनायक खोकला.

“दुसरी गोष्ट,” टोपवाली म्हणाली. “तुमचं अत्तर. ते माझ्या डोक्यात सुईसारखं शिरतं, आणि मला हातातली सुई सांभाळायची आहे. मनगटं, मान आणि कानामागे धुऊन या.”

“मी?”

“हो.”

“मी धुऊन येऊ?”

“खाली उजवीकडे नळ आहे. पाणी जरा गार आहे. साबण तिथे भरपूर असतील.”

मामांनी आता डोळेच मिटले. नाटकघर इमारतीसकट खाली बसेल असं त्यांना वाटलं. बाईसाहेब उठल्या, ताठ, शेवटच्या अंकात उठायच्या तशा, आणि जिना उतरल्या. खलनायकाला त्यांना वाट द्यावी लागली. बराच वेळ खालून पाण्याचा आवाज येत होता. मधे “शी, किती गार!” असंही ऐकू आलं. आत टोपवाली सुया लावत होती. बाईसाहेब निघून गेल्या असतील का, असा विचार मामांच्या मनात चार वेळा आला. टोपवालीच्या मनात एकदाही नाही. तिने धुऊन या म्हटलं होतं आणि समोरचं माणूस हो-नाही न म्हणता नळाकडे गेलं होतं. यात संशयाला जागा कुठे होती?

बाईसाहेब परत आल्या. बाह्या भिजलेल्या, कानामागे पाण्याचा थेंब. खुर्चीत बसून म्हणाल्या, “हुंगा.”

टोपवालीने हुंगलं. “चालेल.”

मग तिने पांढरा टोप दोन्ही हातांनी उचलला आणि मागून पुढे, बाळाला टोपडं घालावं तसा बसवला. तासभर तेच काम. केस काढला, केस घातला. डाव्या कानशिलावर एक जागा उघडी वाटत होती, तिथे तीन केस विरळच ठेवले, कारण म्हातारपण तिथूनच सुरू होतं. सुईची आकडी जाळीतून जाताना जो बारीक आवाज होतो तेवढाच खोलीत होता. बाईसाहेबांचा खांदा हळूहळू सैल झाला. काम संपलं तेव्हा टोपवालीने आरसा पुढे केला.

आरशात सत्तरीची एक बाई होती. बाईसाहेब तिच्याकडे बघत राहिल्या. हात कपाळाशी नेला आणि कड कुठे संपते ते बोटाने शोधायला लागल्या. सापडली नाही.

“पिकत चाललेला कधी बसवायचा?” त्यांनी आरशातूनच विचारलं. “उद्या येऊ?”

“उद्या नको,” टोपवाली सुया पुसत म्हणाली. “उद्या माझा आंघोळीचा दिवस नाही. परवा या.”

दाराशी खलनायकाने तोंडावर रुमाल धरला, पण या वेळी हसू दाबायला. मामा काहीतरी सारवासारव करायला पुढे झाले. बाईसाहेबांनी हाताने त्यांना थांबवलं.

“परवा,” त्या म्हणाल्या. “किती वाजता धुऊन येऊ?”